साहेब व्हीसीत आहेत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत कामाच्या दिवशी दुपारी जा. साहेबांच्या दारावरचा शिपाई बहुधा एकच उत्तर देईल : साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरच्या बैठकीत आहेत. कधी ती जिल्हाधिकाऱ्यांची असते, कधी जिल्हा परिषदेच्या सीईओंची (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची), कधी विभागीय आयुक्तांची, तर कधी थेट मंत्रालयातून. एक संपते ना संपते तोच दुसरीची लिंक येऊन पडलेली असते. पूर्वी साहेब फिरतीवर असायचे. भेट तेव्हाही व्हायची नाहीच, पण साहेब निदान कुठल्या तरी गावात असायचे. आता ते दाराच्या आत, हाकेच्या अंतरावर बसलेले असतात आणि तरी भेटत नाहीत.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमुळे कामाची पद्धत कशी बदलली, यावर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक आयटी कंपन्यांबद्दल असतं. हिंजवडीतल्या इंजिनिअरने घरून काम करावं की ऑफिसला जावं, यावर भरपूर चर्चा झाली. पण या तंत्राने सर्वांत खोल बदल घडवला तो आपल्या जिल्हा प्रशासनात, असं माझं मत आहे. ३६ जिल्हे, ३५८ तालुके, त्याखाली हजारो ग्रामपंचायती आणि तलाठी सजे. या सगळ्या उतरंडीत वरचा खालच्याशी कसा बोलतो आणि खालचा वरच्याला काय सांगू शकतो, हे करोनानंतरच्या काळात पार बदलून गेलं. त्याबद्दल कर्मचारी आपसात कुरकुरतात, लोक व्हरांड्यात चरफडतात. जाहीरपणे मात्र कोणी बोलत नाही.

व्हीसीमुळे बैठक बोलावणाऱ्याला बैठक फुकट पडू लागली आणि तिचा सगळा खर्च तालुक्यावर आणि गावावर जाऊन पडला. हा खर्च दिसत नाही म्हणून बैठकांना धरबंध उरलेला नाही. तो घालायचा तर सरकारला नियम करावे लागतील, हा या लेखाचा मुद्दा आहे.

व्हीसी नकोच, असं मी म्हणत नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो. तिथल्या तहसीलदाराला दोन तासांच्या बैठकीसाठी जिल्ह्याला बोलावणं म्हणजे त्याचे दोन दिवस घालवणं. धारणी, धडगाव, अक्कलकुवा, जव्हार, मोखाडा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. करोनाच्या पहिल्या लाटेत खाटा, ऑक्सिजन, स्थलांतरित मजुरांच्या गाड्या यांचे निर्णय रोजच्या रोज करावे लागत होते, आणि ते पडद्यावरून झाले म्हणून वेळेत झाले. मुख्यमंत्र्यांच्या लोकशाही दिनात तक्रारदार मंत्रालयात बसलेला आणि त्याच्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी पडद्यावर, अशी व्यवस्था झाली तेव्हा सामान्य माणसाच्या समोर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागलं. हे सगळं मोलाचं आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीने (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने) नव्वदच्या दशकापासून या सोयीचं जाळं उभं केलं. तेव्हा व्हीसी जिल्हा मुख्यालयातल्या एका ठरावीक खोलीत होत असे, ती खोली आधी ठरवून घ्यावी लागे, त्यामुळे संख्येला आपोआप मर्यादा होती. करोनाने ती खोली मोडली. आता लिंक थेट प्रत्येकाच्या मोबाइलवर येते.

सगळं बदललं ते इथे. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक ठेवायची तर गाड्या, डिझेल, सभागृह, चहा-जेवण आणि दिवसभर ओस पडलेले तालुके, एवढं सगळं बोलावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायचं. म्हणून महिन्यातून एखादी बैठक व्हायची आणि तिच्यात चार-पाच विषय एकत्र घेतले जायचे. लिंक पाठवायला अर्धा मिनिट लागतो. मग घरकुलाची वेगळी व्हीसी, जलजीवनची वेगळी, रोजगार हमीची वेगळी, ई-पीक पाहणीची वेगळी, ॲग्रिस्टॅकची, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीची, वेगळी. प्रत्येक विभागाच्या सचिवाला, संचालकाला, उपसंचालकाला आपला विषय सर्वांत तातडीचा वाटतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते बरोबरही असतं. पण खाली ते सगळे विषय एकाच गटविकास अधिकाऱ्याच्या, एकाच तहसीलदाराच्या टेबलावर येऊन पडतात. वरून पाहणाऱ्या दहा जणांपैकी प्रत्येकाला वाटतं, मी तर आठवड्यातून एकदाच बोलावतो.

आणि वेळ जातो तो व्हीसीच्या दोन तासांचाच नाही. व्हीसी तीनला असली की सकाळपासून माहिती गोळा करायला सुरुवात होते. पंचायत समितीतला कनिष्ठ सहायक एक्सेलचा तक्ता उघडतो आणि ग्रामसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकतो : ‘दुपारी १ पर्यंत खालील नमुन्यात माहिती सादर करावी, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ जी माहिती मागितली ती बहुतेक वेळा पोर्टलवर आधीच भरलेली असते. पण पोर्टलचा आकडा कालचा, साहेबांना आजचा हवा. ग्रामसेवक त्या वेळी कुठे तरी पाइपलाइनच्या खड्ड्यापाशी उभा असतो किंवा दाखला लिहीत असतो. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, कधी तीन ग्रामपंचायती. तो हातातलं काम सोडतो, अंदाजाने आकडा पाठवतो. ज्याचा आला नाही त्याला फोन जातो. फोन लागला नाही तर सहायक मागच्या आठवड्याच्या आकड्यात दोन-चार मिळवून रकाना भरतो. हे मी कचेरीत समोर बसून पाहिलेलं आहे. त्या मुलाला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही, कारण रिकामा रकाना दिसला तर नोटीस त्याच्या साहेबांना येणार आणि साहेबांचा राग त्याच्यावर निघणार.

मग व्हीसी सुरू होते. पडद्यावर चौकटीच चौकटी, बहुतेकांचे कॅमेरे बंद, सगळे म्यूटवर. एकेका तालुक्याचं नाव घेतलं जातं. तक्त्यात खालचे तीन तालुके लाल रंगात दाखवलेले असतात, आणि व्हीसीचा बराचसा वेळ त्या तिघांना झापण्यात जातो. ‘तुमचं काम इतकं मागे का?’ या प्रश्नाला खरं उत्तर असतं. एखाद्या गावात विहिरीला पाणीच लागलेलं नसतं, कुठे घरकुलाच्या जागेचा वाद भावाभावांत अडकलेला असतो, कुठे ठेकेदार काम अर्धवट टाकून पळालेला असतो. पण अनम्यूट करून, सगळ्या जिल्ह्यादेखत, पन्नास सेकंदांत हे सांगता येत नाही. सांगायला लागलं की ‘कारणं नकोत, तारीख सांगा’ हे वाक्य येतं. मग तारीख सांगितली जाते. पुढच्या व्हीसीला त्या तारखेची आठवण करून दिली जाते. तिसऱ्या व्हीसीपर्यंत तालुका लाल रंगातून बाहेर आलेला असतो. गावात काय बदललं ते गावात गेल्यावरच कळतं.

जलजीवन मिशनचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०१९ला ही योजना जाहीर झाली, आणि आढावा सुरुवातीपासून प्रामुख्याने नळजोडण्यांच्या टक्केवारीवर चालला. नळ जोडला हे पडद्यावर दिसतं. नळाला पाणी येतं का, किती दिवसांनी येतं, मे महिन्यात येतं का, हे विचारायला आणि पाहायला माणूस तिथे जावा लागतो. मराठवाड्यात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात अशी गावं दाखवता येतील, जिथे घरोघर तोट्या बसल्या आणि उन्हाळ्यात टँकर सुरूच राहिला. अभियंत्याला हे ठाऊक नसतं असं नाही. त्याला ते सांगायला जागा उरलेली नाही.

ही जागा पूर्वी होती, आणि ती बैठकीत नव्हती, बैठकीच्या आजूबाजूला होती. जिल्ह्याला सगळे जमायचे तेव्हा सभागृहाबाहेर, चहाच्या टपरीवर खरं बोलणं व्हायचं. शेजारच्या तालुक्याच्या बीडीओने (गटविकास अधिकाऱ्याने) टँकरच्या बिलांचा घोळ कसा सोडवला हे दुसऱ्याला तिथे कळायचं. एखादा शाखा अभियंता कार्यकारी अभियंत्याला गाडीपर्यंत सोडायला जाताना हळूच सांगायचा, सर, त्या पाण्याच्या उद्भवात दम नाही, योजना पुढे नेऊ नका. साहेबही ऐकायचे, कारण ऐकणारे दोघंच असायचे आणि कोणाचीच मानखंडना होत नव्हती. प्रशासनात वाईट बातमी वर जाते ती अशाच वाटेने. भर सभेत ती तेव्हाही कोणी सांगत नसे. व्हीसीने सभा ठेवली आणि ही वाट बंद केली. ‘लीव्ह मीटिंग’ दाबलं की माणसं एकदम नाहीशी होतात.

याचा अभ्यासही झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या मेलनी ब्रक्स आणि स्टॅनफर्डचे जोनाथन लेवाव यांचं संशोधन २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेतल्या जोड्यांबरोबरच भारतासह पाच देशांतल्या एका कंपनीच्या सुमारे दीड हजार इंजिनिअरांवर त्यांनी हा प्रयोग केला. पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा नव्या कल्पना कमी सुचल्या, कारण नजर पडद्याला खिळली की विचारही आखडतो. सुचलेल्या कल्पनांमधून चांगली निवडण्यात मात्र पडद्यावरचे मागे पडले नाहीत. मला हा निष्कर्ष आपल्या कामाचा वाटतो. तयार पर्यायांतून एक ठरवायचा असेल तर व्हीसी पुरते. अडचण समजून घ्यायची असेल, वाट शोधायची असेल, तर पुरत नाही. आपल्या आढाव्यांत अडचण समजून घेणं हाच खरा भाग असायला हवा, आणि तोच पडद्यावर ढकलला गेला.

दुसरी एक गोष्ट याच काळात घडली, आणि तिचा व्हीसीशी संबंध फारसा कोणी जोडत नाही. २०२२च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि तिथे कित्येक वर्षं प्रशासक बसले. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा गोंगाटाची असायची, राजकारणाची असायची, हे मान्य. पण तिथे एखादी सदस्य उभी राहून म्हणू शकत होती, अध्यक्ष महोदय, माझ्या गटात दोन महिने टँकर आलेला नाही आणि कागदावर रोज तीन खेपा दाखवल्यात. त्या प्रश्नाला सीईओला उत्तर द्यावं लागायचं, ते इतिवृत्तात जायचं, दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर छापून यायचं. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या याचसाठी, की प्रश्न खालून वर जावेत. सभागृहं रिकामी झाली आणि जिल्ह्याच्या कारभाराची मुख्य सभा म्हणून व्हीसी उरली. व्हीसीत प्रश्न फक्त वरून खाली येतात. गावाच्या बाजूने बोलणारं माणूस त्या चौकटींत कुठेच नसतं. निवडून आलेले सदस्य सभागृहात बसू लागले तरी चार वर्षांत लागलेली ही सवय आपोआप जाईल असं मला वाटत नाही. ती मोडावी लागेल.

कोणत्या कामाला पडदा चालेल आणि कोणत्या नाही, हा विचार करता येतो आणि तो आपल्याच देशात झालेला आहे. न्यायव्यवस्थेने तो केला. परदेशातल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेता येईल का, हा प्रश्न मुंबईतल्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००३ साली ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालात न्यायालयाने होकार दिला. करोनाकाळात सुनावण्या पडद्यावर गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावलं की वकील आणि पक्षकारांना ही सोय नाकारू नका. म्हणजे न्यायालयं या तंत्राच्या बाजूनेच उभी राहिली. तरीही १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक रेघ शाबूत आहे. न्यायालयीन कोठडी वाढवायची असेल तर आरोपीची पडद्यावरची हजेरी चालते. पोलीस कोठडी द्यायची असेल तर त्याला दर वेळी दंडाधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष उभं करावंच लागतं. मारहाणीच्या खुणा आणि दडपलेला माणूस पडद्यावर दिसत नाही, म्हणून ही रेघ महत्त्वाची. महसूल आणि ग्रामविकास खात्यांना अशी रेघ आखायला कोणी अडवलेलं नाही.

शिस्तीचा नमुनाही समोर आहे. पंतप्रधानांची ‘प्रगती’ ही आढाव्याची पद्धत २५ मार्च २०१५ला सुरू झाली. मुख्य सचिवांशी आणि केंद्रीय सचिवांशी ती व्हीसीवरच चालते, आणि सुरू झाली तेव्हा महिन्यातून एकदा, चौथ्या बुधवारी, असं ठरलं. घ्यायचे विषय सात दिवस आधी पोर्टलवर टाकायचे, संबंधितांनी त्यावर आपलं म्हणणं पुढच्या तीन दिवसांत लिहून द्यायचं, एक दिवस ते वाचायला ठेवायचा आणि मग बैठक. त्या बैठकीचं राजकीय मूल्य काय, यावर मतभेद असू शकतात. पण देशाच्या सर्वोच्च पातळीवर सात दिवसांची पूर्वसूचना लागते, तर तालुक्याच्या अधिकाऱ्याला सकाळी साडेदहाला लिंक पाठवून अकराला हजर राहा म्हणणं कोणत्या न्यायाने चालतं?

शिवाय व्हीसीला कार्यालयीन वेळ नाही. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि लोकांसाठी शनिवार पूर्ण बंद झाला. लोकांचा दिवस गेला, पण कर्मचाऱ्यांनाही तो मिळाला नाही, कारण शनिवारी, रविवारी, रात्री आठला लिंक येतेच. ग्रामसेविका आणि महिला तलाठी रात्रीची व्हीसी स्वयंपाकघरात फोन उभा करून ऐकतात. एखादा दुचाकी रस्त्याकडेला लावून, रेंज मिळेल त्या चढावर उभा राहून ऐकतो. त्यांच्या कामाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, लाच घेणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण कामाला न गेलेल्या माणसाला जितकं बोललं जात नाही, तितकं व्हीसीला न जोडलेल्या माणसाला बोललं जातं. हे उलटं आहे.

आणि व्हरांड्यातला माणूस. घरकुलाचा हप्ता अडकला म्हणून आलेली एक बाई मला एका पंचायत समितीत दिसली. जिओ टॅगिंगचा, म्हणजे जागेच्या नोंदीसह काढलेला, फोटो दुसऱ्याच घराचा चढला होता, एवढीच चूक. दुरुस्तीला बीडीओंची सही हवी, आणि बीडीओ व्हीसीत. ती सकाळच्या एसटीने आली होती. मजुरी बुडाली होती. परतीची गाडी पावणेपाचला, नंतर थेट दुसऱ्या दिवशी. चारच्या सुमाराला ती उठून आत डोकावली, शिपायाने हाताने थांबवलं, ती परत बसली आणि साडेचारला निघून गेली. आतली व्हीसी घरकुलांचीच होती. प्रलंबित हप्त्यांचा आढावा चालला होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण साहेबांची भेट ही सेवा कुठल्याच यादीत नाही.

करायला हवं ते अवघड नाही, खर्चिक तर मुळीच नाही. सामान्य प्रशासन विभागाच्या एका शासन निर्णयाने बरंचसं होईल. आठवड्यातले दोन अर्धे दिवस व्हीसीसाठी ठरवून द्यावेत आणि सगळ्या विभागांनी त्यातच आपापसात वेळ वाटून घ्यावा. भांडायचं तर त्यांनी वर भांडावं, खाली नको. पोर्टलवर असलेला आकडा व्हीसीसाठी पुन्हा मागायला बंदी असावी. पोर्टलचा आकडा जुना असेल तर तो पोर्टल चालवणाऱ्याचा प्रश्न आहे, ग्रामसेवकाचा नाही. विषयपत्रिका तीन दिवस आधी यावी. तालुक्याची अडचण लेखी मागवावी आणि बैठक त्या अडचणींवर व्हावी, टक्केवारीच्या वाचनावर नव्हे. कोणाला कठोर बोलायचं असेल तर एकट्याला फोन करावा. लोकांना भेटायची वेळ दारावर लिहिलेली असते, त्या वेळेत आपत्ती सोडून दुसरी कोणतीही व्हीसी लागू नये. आणि एका विषयावर लागोपाठ दोन व्हीसी होऊनही तालुका लाल रंगातच असेल, तर तिसरी व्हीसी घेता येऊ नये. त्या विषयाच्या वरिष्ठाने त्या तालुक्यात जावं, एक गाव पाहावं, शक्य तर मुक्काम करावा. अधिकाऱ्यांच्या दौरा दैनंदिनीची आणि मुक्कामाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, नवीन काही शोधायचं नाही.

‘तातडीची कामं अडतील’ हा आक्षेप येईल, म्हणून आपत्ती, निवडणूक आणि कायदा-सुव्यवस्था एवढे अपवाद नावानिशी लिहून ठेवावेत. नाहीतर महिन्याभरात प्रत्येक व्हीसीच तातडीची ठरेल. ‘अधिकारी मोकळे सोडले की काम करत नाहीत’ हा दुसरा आक्षेप वरच्या पातळीवर खासगीत नेहमी ऐकू येतो. काहींच्या बाबतीत तो खराही आहे. पण कामचुकार अधिकाऱ्याला व्हीसी सर्वांत सोयीची असते : तारीख सांगायची, रकाना भरायचा आणि सुटायचं. त्याला भीती असते ती अचानक गावात उतरणाऱ्या गाडीची.

एक मागणी मात्र शासन निर्णयाची वाट न पाहता आजच करता येईल. प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर एक साधा तक्ता टाकावा. कोणत्या विभागाने किती व्हीसी घेतल्या, किती तास चालल्या, किती कर्मचारी जोडले होते, आणि त्याच महिन्यात त्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी किती गावांना भेटी दिल्या. लिंकचा सगळा हिशेब यंत्रात आपोआप राहतो, तो उतरवून घ्यायला एक कारकून पुरे. संकेतस्थळावर आला नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही मागता येईल. निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांनी आपल्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत तो मागावा.